चुकून चढलेला झेंडा

आबा, परवा एक गृहस्थ तुमची चौकशी करत घरी आले. साठीच्या पुढचे, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. जुन्या शहराचं कसलंसं प्रदर्शन भरवताहेत म्हणे. दरवाज्यांच्या तसबिरी, हिमरू कापडाचे तुकडे, निजामाच्या वेळची भांडीकुंडी, आणि त्यातच छावणीतल्या साहेबांच्या बोट क्लबचे झेंडे. ते आमच्याकडे आहेत हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी माळ्यावरून ट्रंक काढून दिली. पांढरा बगळा आणि दोन वल्ह्यांची फुली असलेला तो निळा तिकोनी झेंडा हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मग म्हणाले, "मावशी, वडिलांबद्दल दोन ओळी लिहून द्या, फोटोखाली लावू. एवढ्या वर्षांत क्लबच्या खांबावर एकदाही चुकीचा झेंडा चढला नाही, असं जुनी माणसं सांगतात." मी म्हटलं, "एकदा चढला होता." त्यांनी विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, "चहा घेणार ना?" आणि आत निघून गेले. त्या दोन ओळींसाठी आज कागद घेऊन बसले. दोन ओळींत तुम्ही मावत नाही, आणि जे मावतं ते फोटोखाली लावण्यासारखं नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता जरा थांबावं लागतं. राग आठवावा लागत नाही.

आधी त्या क्लबबद्दल बोलू, कारण तुम्हाला तो फार मोठा वाटायचा. आपल्या औरंगाबादेला समुद्र नाही. नदी म्हणावी तर खाम, तिच्यात उन्हाळ्यात बकऱ्या चरायच्या. पण छावणीत गोरे साहेब होते, त्यांना पाण्याची हौस होती, आणि शहराबाहेर दीडदोन कोसांवर एक लांबट तलाव होता. पावसाळ्यानंतर तो होळीपर्यंत भरलेला असायचा. तेवढ्यासाठी साहेबांनी यॉट क्लब काढला. शिडाच्या पाचसात होड्या, एक पत्र्याचा बंगला, एक लाकडी धक्का आणि त्या धक्क्यावर मुंबईहून मागवलेला उंच पांढरा खांब. थाट मात्र असा की मुंबईच्या गोदीनं तोंडात बोट घालावं. कमोडोर, म्हणजे क्लबचा मुख्य, होता, व्हाइस कमोडोर होता, सेक्रेटरी होता. कमोडोरसाहेब आले की त्यांचा निराळा झेंडा चढायचा, गेले की उतरायचा. शर्यतीची तयारी करा म्हणून एक झेंडा, सुटा म्हणून दुसरा, वारं वाढलं म्हणून तिसरा. उन्हाळ्यात तलाव आटायचा, तळाला भेगा पडायच्या, गुराखी त्यातून आडवे जायचे, तरी तुम्ही रोज सकाळी बगळा वर चढवायचात आणि सूर्य बुडाला की सलाम करून उतरवायचात. कोणाला करायचात हो सलाम? म्हशींना?

तुम्ही मूळचे पैठणकडचे. छावणीत शिपाई म्हणून लागलात, एका साहेबाला तुमची टापटीप आवडली आणि त्यानं तुम्हाला झेंडे शिकवले. पांढरा कोट, पांढरं पागोटं आणि छातीवर पितळेचा बगळा. तो बिल्ला तुम्ही रोज राखेनं घासायचात. आईनं एकदा त्याच राखेत भांडी घासायला हात घातला, तर केवढ्यानं ओरडलात तिच्यावर. धुणं, भांडी, मी, आई, सगळं एकीकडे आणि तो बिल्ला एकीकडे. आपली खोली क्लबच्या मागंच, नोकरांच्या चाळीत होती. पुढं पत्र्याची पडवी, पडवीत चूल. चुलीपाशी बसून आई तुमचे झेंडे शिवायची. वाऱ्यानं झेंड्याचं टोक फाटतं, ते दर आठवड्याला तिच्याकडे यायचं. क्लबात सगळ्यांना वाटायचं, झेंडे छावणीतल्या शिंप्याकडं जातात. तुम्हीही कधी सांगितलं नाहीत की घरची बाई शिवते.

बगळा तिनं केला ते मला चांगलं आठवतं. आई विणकराच्या घरची. पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट बघत वाढलेली. साहेबानं कागदावर काढून दिलेला बगळा तिला कसातरीच वाटला. "ह्याला काय मान हाय का काय," म्हणत तिनं पहिल्या खेपेला त्याला मोरासारखी बाकदार मान दिली. तिला उलटी बाजू हा प्रकारच मान्य नव्हता. माहेरी पदर दोन्हीकडून सारखा देखणा असायचा. म्हणून तिनं झेंड्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे बगळे लावले, अगदी सारखे, दोघांची तोंडं उजवीकडे. झेंडा वर गेला तेव्हा कळलं. एका बाजूनं बगळा खांबाकडे तोंड करून रुबाबात उभा, आणि दुसऱ्या बाजूनं बघावं तर खांबाला पाठ दाखवून पळतोय. साहेब लोकांमध्ये म्हणे फार हसं झालं. तुम्ही घरी येऊन तो झेंडा तिच्या पुढ्यात टाकलात. "बगळा पळतोय तुझा. उसव." तिनं उसवला, नवीन केला, सरळ मानेचा, दोन्हीकडून खांबाकडे बघणारा. डोळ्याच्या जागी तिनं लाल रेशमाचा एकच टाका घातला, तो साहेबाच्या कागदात नव्हता. त्या डोळ्याचं पुढं कमोडोरनं कौतुक केलं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "साहेब खूश झाले." कोणावर, ते नाही सांगितलंत.

आणि मग तो झेंडा. तुम्ही कापड घेऊन आलात, निळं, पांढरं, लाल. बाहेर निळी चौकट, आत पांढरी, मधोमध लाल चौकोन. आईला दिवस गेले होते, माझ्यानंतर बारा वर्षांनी. पोट सावरत ती शिवायला बसली.

"ह्यो कशाचा?" तिनं विचारलं.

"कुणाला लागलं-खुपलं, कुणी आजारी पडलं, तर ह्यो चढवायचा. ह्यो दिसला की डागदर असंल तिथून येतो. शर्यत सोडून येतो. कायदाच हाय तसा."

"म्हंजे आपल्याला बी?"

तुम्ही हसलात. "आपल्याला कशाला? मेंबरांसाठी हाय त्यो."

"डागदराला तितक्या लांबून काय कळतंय, कोण पडलंय ते," आई म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला. तेव्हा मीही हसले होते. त्याच दिवसांत तुम्ही मला झेंड्याची गाठ शिकवलीत. माझ्याच परकराच्या नाडीवर. एक वेढा, खालून वर, आणि टोक दुमडून आत. "वारं कितीबी ओढू दे, सुटायची नाय. आन् आपण टोकाला झटका दिला की एका क्षणात सुटंल," असं तुम्ही म्हणालात. मला ती लगेच जमली. तुम्ही आईला म्हणालात, "पोराचा हात हाय हिचा." माझ्या आयुष्यात तुम्ही केलेलं तेवढंच कौतुक. मी ते कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं, याचाही मला राग येतो.

आता तो दिवस. तुम्ही मला त्याबद्दल जन्मभर एक शब्द बोलू दिला नाहीत, म्हणून आता सगळा ऐकून घ्या. दसरा जवळ आलेला. तलाव काठोकाठ. मोसमातली पहिली शर्यत. आईच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं. तुम्ही पागोटं बांधत होतात. ती भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणाली, "आज जाऊ नगा. मला नीट वाटंना." तुम्ही बिल्ला लावला, आरशात बघितलंत आणि म्हणालात, "झेंडा उतरला की येतोच." दुपारपर्यंत घोंगडी लाल झाली. शेजारच्या खालानं, क्लबच्या खानसाम्याच्या बायकोनं, सुईण आणली. सुईणीनं बघितलं आणि हात पुसत म्हणाली, "माझ्या हातचं नाय हे. रगत थांबंना. डागदर बघा." शहरात जाऊन यायला दिवस मावळला असता. आणि जाऊन तरी भेटणार कोण? मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर त्या घटकेला आपल्याच तलावात होता, आपल्या होडीचं शीड सांभाळत. खालानं मला दारातून बाहेर ढकललं. "डाक्टर साब तो पानी पे हैं. दौड बेटी. बाप कू बोल, वो झंडा चढाओ बोल के." बघा, आबा. खालाला कळलं होतं. कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या खालालाही कळलं होतं तो झेंडा कशासाठी असतो.

मी धावत धक्क्यावर येते. तुम्ही खांबाजवळ ताठ उभे आहात. पाणी चमकतंय, वारं चांगलं आहे, होड्या सगळ्या पार पलीकडच्या टोकाला, पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या. तिथवर हाक जाणं शक्य नाही, आणि काठावर एकही होडी उरलेली नाही. मडमा तंबूत चहा घेताहेत. सेक्रेटरीसाहेब आरामखुर्चीत तोंडावर टोपी ठेवून झोपलेत. मी म्हणते, "आबा, आईला लई रगत जातंय. सुईण म्हणती, डागदर पायजे."

तुम्ही माझ्याकडे बघत नाही. पाण्याकडे बघता. "शर्यत सुटलीय," म्हणता.

"मग त्यो झेंडा चढवा की."

"हळू बोल. साहेब उठतील."

साहेब उठतील! मी सत्तरी ओलांडली, आबा, पोरं झाली, नातवंडं झाली, माझा नवरा गेला, आणि अजून भाजी निवडता निवडता हे दोन शब्द कानात येतात आणि निवडलेली पानं मी देठांत टाकून देते. उठू द्यायचं होतं की साहेबाला. त्याची झोप मोडली असती, एवढंच ना? लोक म्हणतात, त्या काळी नोकरीची भीती असायची, डोक्यावरचं छप्पर क्लबचं होतं, साहेब नाही म्हणाला तर गरीब माणूस काय करणार. मी हे सगळं तुमच्या बाजूनं स्वतःला सांगून पाहिलं. पण साहेब नाही म्हणालाच नव्हता. कोणीच नाही म्हणालं नव्हतं. तुम्ही विचारलंच नाहीत. खुर्ची धक्क्याला लागूनच होती. तुम्ही तिथवर गेला नाहीत, खाकरला नाहीत, टोपीला हात लावला नाहीत. नकार साहेबाचा नव्हताच. तो तुमचा होता, तुमच्याच पदरचा.

झेंड्यांची पेटी तुमच्या पायाशी उघडी होती. प्रत्येक झेंड्याला वेगळा खण, आणि कुठल्या खणात काय ते मला तुमच्याइतकंच ठाऊक. मी वाकले, तो काढला, खांबाच्या दुसऱ्या दोरीला लावला. एक वेढा, खालून वर, टोक दुमडून आत. आणि ओढला. तुम्ही पाण्याकडे बघत होतात, म्हणून तुम्हाला कळेपर्यंत तो वर पोचला होता. वाऱ्यानं एकदम उघडला. निळा, पांढरा, लाल. आईनं शिवलेला झेंडा आईसाठी वर गेला होता. आणि आबा, पार त्या टोकाला एक शीड सैल पडलं, फडफडलं, आणि त्या होडीचं तोंड आपल्याकडे वळलं. मी बघितलं ते. तुम्हीही बघितलंत. मग तुमचा हात माझ्या कानशिलावर बसला. "मेंबरांचा हाय त्यो! भिकेला लावशील आम्हाला!" ओरडलात तेही हळू आवाजात. टोकाला झटका दिलात, गाठ एका क्षणात सुटली, झेंडा खाली आला. तो तुम्ही नुसता कोंबला नाहीत पेटीत. त्याची नीट घडी घातलीत, चौकोनावर चौकोन. तोवर ती होडी पुन्हा शर्यतीच्या वाटेला लागली होती. "घरी जा. आईजवळ बस. मी आलोच," म्हणालात.

तुमचं 'आलोच' म्हणजे सूर्य बुडाल्यावर. आई त्याच्या कितीतरी आधी गेली. मुलगा होता, तो रडलाच नाही. खालानं दोघांवर एकच पांढरी चादर घातली आणि मला पोटाशी धरून बसली. मला धक्क्यावरचा टाळ्यांचा आवाज ऐकू येत होता, कोणीतरी शर्यत जिंकलं होतं. मग सगळं शांत झालं, आणि मला कळलं की आता झेंडा उतरतोय, आता सलाम, आता घडी. मग तुमची पावलं वाजली. दारात येऊन तुम्ही विचारलंत, "कसं हाय?" खालानं चादरीकडे बोट केलं. तुमच्या छातीवरचा बगळा कंदिलाच्या उजेडात चमकत होता आणि मला तो उपटून चुलीत टाकावासा वाटला. अजूनही वाटतं. चूल राहिली नाही, एवढंच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित माझा राग जुना झाला असता. पण पुढच्या शर्यतीच्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन धक्क्यावर आले. डॉक्टरसाहेब होडीतून उतरत होते. म्हातारे, लालबुंद, बरे होते हो ते. आपल्या चाळीत कोणाला ताप आला आणि त्यांना कळलं, तर औषध पाठवायचे. आईचं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. नोकराची बायको गेली, हे साहेबांना कोण सांगणार? ते तुम्हाला म्हणाले, "उस दिन हम डॉक्टर का झंडा देखा. हम बोट घुमाया. फिर झंडा नीचे आ गया. क्या बात था?"

तुम्ही हात जोडलेत. तुमच्या डोक्यावरचे केस तेव्हा काढलेले होते, आईसाठी. पागोट्याखाली ते दिसत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "गलती से चढ गया था, साब."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले. त्यांनी माझ्या गालावर टिचकी मारली, खिशातली पेपरमिंटची गोळी माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले. चालत गेले, आबा. त्या धक्क्यावरून आपल्या दारापर्यंत ते तसेच चालत आले असते. गलती से. आईचं मरण चुकीतही जमा झालं नाही. चूक ठरला तो झेंडा, आणि तो चढवणारी मी.

त्याच हिवाळ्यात कमोडोरचा कुत्रा मेला. बगळा अर्ध्या खांबावर उतरवून दिवसभर तसाच ठेवायचा हुकूम आला. तुम्ही ठेवलात. मी तेव्हा तुमच्याशी बोलत नव्हते, तरी विचारलं, "आईला उतरवला व्हता का?" तुम्ही म्हणालात, "कुत्र्यासाठी नाय त्यो. साहेबासाठी हाय." तुम्ही मला हे अगदी समजावून सांगितलंत, मला खरंच कळत नसावं अशा सुरात. मी त्या दिवशी खालाकडे जेवले. पुढंही पुष्कळदा तिच्याकडेच जेवले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. साहेब गेले, मग निजामाचं राज्यही गेलं, बंगल्याचे पत्रे कोणी काढून नेले, धक्का सरपणाला गेला. तुम्ही ट्रंक घेऊन शहरात आलात आणि गुलमंडीत एका कापडवाल्याच्या दुकानी ठाण उलगडायच्या कामाला लागलात. गिऱ्हाइकाला कापड दाखवून झालं की घडी घालायचात ती तशीच, चौकोनावर चौकोन. दुकानात तुमच्या घडीची तारीफ व्हायची. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात, तुम्ही ती ट्रंक उघडून झेंड्यांना हळदकुंकू वाहायचात. आई ज्या दिवसांत गेली त्याच दिवसांत. त्या झेंडूच्या माळा दिसल्या की मी उठून बाहेर जायचे. मी लग्न करून गेले तेव्हा सुटले असं वाटलं होतं. पण मी एकुलती एक, म्हणून शेवटी तुम्ही ट्रंकेसकट माझ्याच घरी आलात, इथं मुकुंदवाडीला. मी तुम्हाला नीट सांभाळलं. पथ्य, पाणी, अंथरूण, सगळं वेळच्या वेळी. प्रेमानं केलं असं मात्र म्हणवत नाही. आपलं स्टेशन घरातून दिसतं. गाडी सुटताना गार्ड हिरवा झेंडा दाखवायचा, तुम्ही खाटेवरून उठून ताठ बसायचात, आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला आईच्या नावानं हाक मारायचात. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. तुम्ही आता जाणार आणि हे सगळं न बोलताच जाणार, याचा संताप आला असेल. मी ट्रंक उघडली, तो झेंडा काढला आणि अंगणातल्या वाळवणाच्या दोरीवर, तुमच्या खाटेच्या अगदी समोर लावला. तुम्हाला टोचावं म्हणूनच लावला. दया वगैरे काही नव्हती मनात. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. मग मला विचारलंत, "डागदर आला का?"

मी म्हटलं, "नाय आला. तुम्ही उतरवला ना झेंडा."

तुम्ही चादरीतून हात बाहेर काढलात, वर दाखवलात आणि म्हणालात, "मग परत चढव. लवकर. शीड वळलं व्हतं त्याचं."

वळलं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं. इतकी वर्षं, त्या पेटीतल्या घडीइतकं नीट, तुमच्या आत ते ठेवलेलं होतं. याच्यावर एखादीनं तुमच्या गळ्यात पडून रडावं, अशी गोष्टीबिष्टीत पद्धत असते. मला उलट जास्त राग आला. विसरला असतात तर मी समजू शकले असते. मी झेंडा दोरीवरून ओढला, गुंडाळला आणि आत गेले. तुम्ही मागून दोनदा आईला हाक मारलीत. मी ओ दिली नाही, कारण ती हाक मला नव्हती.

परवाच्या त्या गृहस्थांनी सगळे झेंडे पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघितले आणि म्हणाले, "मावशी, एक कमी आहे. डॉक्टरला बोलावण्याचा." मी म्हटलं, "उंदरांनी खाल्ला." झेंडा उशीखाली होता. आज सकाळी तो घेऊन मी गच्चीवर गेले. गुडघे बोलतात आता, पण गेले. टीव्हीच्या अँटेनाचा जुना पाइप आहे तिथं, त्याला दोरी टाकून चढवला. शेजारीण खालून ओरडली, "आजी, कुठल्या पार्टीचा हो हा?" मी म्हटलं, "आमच्या आईचा." तिला काही कळलं नाही. इथं कोणालाच कळणार नाही. स्टेशनवरून लोक बघून जातात, एकजणही थांबत नाही. तुम्ही असतात तर एका नजरेत वाचला असतात.

दोन ओळी मी त्यांना देणार नाही. हे पत्रही कुठं जाणार नाही. तुमचा पत्ता तरी काय लिहू? ट्रंक ते घेऊन गेले, म्हणून ठेवायलाही जागा नाही. राहील गादीखाली. सूर्य बुडालाय, आबा. तुमच्या नियमानं झेंडा एव्हाना उतरायला हवा, सलाम करून. मी उतरवणार नाही. रात्रभर राहू दे, उद्याही राहू दे, वाऱ्यानं चिंध्या होईपर्यंत राहू दे. वारं आज जोरात आहे, वरून फडफड ऐकू येते आहे. सुटायचा मात्र नाही तो. गाठ तुम्ही शिकवलेलीच मारली आहे. दुसरी मला येत नाही.